एका दोरीची घरं

आमचं शहरातलं पहिलं घर मोटेच्या नाड्यानं मोजलेलं होतं, असं मी सांगितलं की नातवंडं खो खो हसतात. मग त्यांना आधी मोट म्हणजे काय ते सांगावं लागतं, मग विहीर, मग बैल, आणि तिथवर पोचेपर्यंत त्यांचे डोळे मोबाइलवर गेलेले असतात. म्हणून इथं एकदाचं नीट लिहून टाकते. आमचं गाव सोयगाव तालुक्यातलं. विहिरीतलं पाणी बैलांकडून कातड्याच्या मोटेनं ओढायचं, आणि त्या मोटेला बांधलेला मनगटाएवढा जाड दोर म्हणजे नाडा. लागोपाठच्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला, बैल बाजारात गेले. गाव सोडायच्या दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो नाडा गुंडाळून खांद्यावर टाकला. माय करवादली, "पानी न्हाई तर नाडा कशाला वागवायलात?" आबा म्हणाले, "दोर हाय. कुटं तरी कामाला यील." आबांच्या अशा बोलण्यावर माय नुसती नाक मुरडायची.

शहराला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, तेव्हा ते औरंगाबाद होतं, आणि आमच्यासारख्यांना तर नुसतं 'शहर'. शेंद्र्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर वस्ती जिथं संपायची तिथं एका मालकाची पडीक जमीन होती. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला नाला, मध्ये दगड आणि बाभळी. पाऊस पडेपर्यंत राहा, असं मालक म्हणाला. पाऊस पडला, पुढच्या साली त्यानं पुन्हा दडी मारली, तोवर जवळपास कारखान्यांची बांधकामं निघाली, पुरुषांना खडी फोडायची आणि बायकांना पाट्या वाहायची कामं मिळाली, आणि आम्ही राहिलो ते राहिलोच. आज त्या बाजूला गेलं तर कंपन्यांची फाटकं मोजता येत नाहीत. तेव्हा शेंद्र्याला नुसती शेतं होती आणि त्या शेतांतही उडायची ती धूळच.

जागा वाटायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी आबांकडं बघितलं. गावाकडं पाण्याच्या पाळ्या, गवताचे वाटे, भावाभावांतल्या बांधाच्या कुरबुरी, असलं सगळं आबांकडं यायचं. त्यांनी खांद्यावरचा नाडा उतरवला, दोन्ही टोकं एकत्र गाठली आणि म्हणाले, "ह्यो एक येढा. हरेक घराला येकच. तुमाला पायजे तसा टाका, कोपऱ्याला खुट्या ठोका, आत तुमचं घर. कुनाला इतभर जास्त न्हाई, कुनाला इतभर कमी न्हाई." सगळ्यांना पटलं. न पटायला काय झालं? एकच दोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. लोकांनी आपापल्या अकलेनं वेढे टाकले. ज्यांना रस्त्याकडची जागा मिळाली त्यांनी रस्त्याच्या कडेनं लांबच लांब टाकला, कारण घराचं तोंड रस्त्याला जेवढं जास्त तेवढं बरं. गयाबाई आमच्या गावच्याच. नवरा खडी मशीनवर, पदरात तीन पोरं. तिचं घर सगळ्यांत लांब झालं आणि ती तोऱ्यात म्हणाली, "म्या बाई आगगाडीच बांधली!" आबांनी शेवटी घेतलं. उरली होती ती तिच्या मागची जागा, रस्त्याला तोंड नाही, उजेड कमी. मायनं मागणी केली की निदान घर चौकोनी तरी असू दे, जातं मांडलं की माणसाला फिरता आलं पाहिजे. तसा चौकोनी वेढा टाकला. लोक हळहळले, आबासारख्या माणसाच्या वाट्याला हे कोपऱ्यातलं खुराडं आलं म्हणून.

त्या घराच्या भिंती तुराट्यांच्या कुडाच्या, वर पत्रा. दुपारी पत्रा तापून टाक्‌टाक्‌ वाजायचा आणि गयाबाईच्या पोरांचं भांडण कुडातून जसंच्या तसं आमच्या ताटात पडायचं. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की माय चुलीशी बसायची. खायला लाल मिलो. ती परदेशी ज्वारी कशी होती विचारू नका. पीठ मळलं तरी जिवंत व्हायचं नाही, भाकरी थापताना चारी बाजूंनी चिरायची आणि माय तिला शिव्या देत देत जोडायची. सोबत मिरचीचा ठेचा, कधी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. टँकर आला की पहिल्यांदा हंड्यांचा आवाज आणि मग बायकांचा, आणि टँकरवाल्याचं ठरलेलं, "अरे माँ, लाइन से आव ना, सबको मिलता!" सबको मिळायचं, कारण आबा तिथं उभे असायचे. त्यांनी नुसतं "व्हय, पुढं" म्हटलं की बाई पुढं सरकायची. त्यांच्या शब्दाला हे वजन त्या नाड्यामुळं होतं. ज्यानं जागेत हात मारला नाही तो पाण्यात काय मारणार, असं लोक म्हणायचे.

मी मॅट्रिक झालेली. आमच्या वस्तीत एवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून पोरांसाठी पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग निघाला तेव्हा मला तात्पुरती बाई म्हणून घेतलं. नुकतीच साडी नेसायला लागले होते. पदर सावरू का खडू, अशी गत. तिसरीची पोरं माझ्याकडं, आणि त्यांच्यात गयाबाईची थोरली चंद्री. नाकात वाळूच्या कणाएवढी चमकी आणि जिभेला हाड नाही. मी काही लिहिलं की ती विचारायची, "का?" आणि "का" म्हणून थांबायची नाही, उत्तर येईपर्यंत तोंडाकडं बघत बसायची. मला तिचा राग यायचा आणि तिच्याशिवाय वर्ग भरल्यासारखा वाटायचा नाही.

क्षेत्रफळाचा धडा आला. पुस्तकात होतं, लांबी गुणिले रुंदी. मी फळ्यावर लिहिलं, पोरांनी सुरात म्हटलं, आणि माझं काम झालं असं मला वाटलं. चंद्री म्हणाली, "बाई, गुनलं तर काय आलं?" मी म्हटलं, "क्षेत्रफळ." "पर त्ये हाय काय?" कपाळ माझं! मलाच धड सांगता येईना. मलासुद्धा कुणी सांगितलं नव्हतं, नुसतं पाठ करून घेतलं होतं. मी डाफरले, "आधी पाढे पाठ कर." ती बसली, पण तिचे डोळे बसले नाहीत, आणि मला दिवसभर चैन पडलं नाही.

वाट दाखवली ती पोरांच्या भांडणानंच. शाळेत बसायला प्रत्येकानं घरून पोतं आणायचं. सरकारी मिलोची ती पोती, सगळी एका मापाची, आम्ही तोंड दुमडून त्यांची चौकोनी घडी करायचो. रोज सकाळी "बाई, ह्यानं माझी जागा दाबली" हे ठरलेलंच. त्या दिवशी मी ओरडले नाही. म्हटलं, "कुणाला किती जागा मिळते ते बघूच. सगळी पोती पसरा. एकावर एक चढवायचं नाही, मध्ये फट सोडायची नाही." झालं, पोरांना उधाण आलं. शेडभर पोती लागली. कुणी कडेला पोत्यावर पोतं चढवलं तर चंद्री उचकटून काढायची, कुणी फट ठेवली तर त्यात पाय घालून दाखवायची. शेवटी मोजलं आणि मी म्हटलं, "ही शेड एवढ्या पोत्यांची. हेच क्षेत्रफळ. ह्या जमिनीनं किती जागा व्यापली, ते." चंद्रीनं एकदा शेडकडं बघितलं, एकदा फळ्याकडं. मग ओळीतली पोती मोजली, ओळी मोजल्या, बोटांवर गुणलं आणि किंचाळली, "बाई, पुस्तकातलं खरं हाय!"

मग पुढचे दिवस वर्गाला मापाचं वेडच लागलं. पाटी मोजायला काडेपेट्या घेतल्या. एकानं पाटीवर पोतं टाकलं, तर पाटीच दिसेना, म्हणून सगळे हसले. एकीनं हट्टानं शेड काडेपेटीनं मोजायला घेतली, कोपऱ्यातून सुरुवात केली आणि शाळा सुटली तरी दारापर्यंत पोचली नाही. तिला मी काही म्हटलं नाही. संध्याकाळी तीच म्हणाली, "बाई, ह्ये येड्याचं काम हाय. मोठ्याला मोठं माप पायजे." कुणी म्हणालं, भाकरीनं मोजू. तर भाकऱ्या आणल्या का कुणी? घरी भाकरी मोजून मिळायची ते दिवस. जमिनीवर खडूनं गोल काढले आणि गोलांच्या मध्ये उरलेल्या सांदी बघून पोरांनीच भाकरीला नापास केलं. चौरस का लागतो, हे मी तोंडानं सांगितलं असतं तर त्यांनी पाठ केलं असतं आणि विसरली असती. पुढं मी सगळी हयात शाळेत काढली, पण त्या शेडइतकं चांगलं शिकवणं माझ्या हातून फार वेळा झालं नाही.

परवा मुलानं फ्लॅट बघायला नेलं, क्रांती चौकाच्या पलीकडं. तिथल्या चकचकीत पोरानं कागद पुढं केला, त्यात कार्पेट वेगळं, बिल्टअप वेगळं आणि सुपर बिल्टअप आणखी वेगळं. मी विचारलं, "ह्या सुपरमध्ये काय काय येतं?" म्हणाला, "आजी, जिना, लिफ्ट, लॉबी." म्हटलं, "मग पाहुणे आले की मी जिन्यात झोपू का?" मुलानं माझा हात दाबला. दाबू दे. पोतं टाकून बघितल्याशिवाय जागेचं खरं काही कळत नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे.

तर, एका शनिवारी शाळा सुटताना मी पोरांना सांगितलं, "आपापलं घर किती पोत्यांचं आहे ते मोजून या." दुसरं काही मनात नव्हतं. सोमवारी पोरं धावत आली, आकडे सांगायची घाई. मी फळ्यावर एकेक लिहीत गेले. कुणाचं बत्तीस, कुणाचं पस्तीस. माझा धाकटा भाऊ पहिलीत होता, पण माझ्याच वर्गात येऊन बसायचा, तोही मध्येच ओरडला, "आमचं छत्तीस!" सगळ्यांत मोठं निघालं म्हणून पठ्ठ्या छाती काढून उभा. चंद्री मात्र जागेवरून उठली नाही. विचारलं तेव्हा म्हणाली, "सत्तावीस." मग म्हणाली, "तीनदा मोजलं, बाई. मायनं बी मोजलं." आणि मग तो तिचा प्रश्न आला. "आपली समद्यांची दोरी येकच व्हती ना? मग असं का?"

खरं सांगते, आबांच्या नाड्यावर माझासुद्धा तेवढाच विश्वास होता. मी सुतळीचा एक तुकडा घेतला, टोकं गाठली, टेबलावर चौकोनी मांडला आणि आत काडेपेट्या भरल्या. मग तीच सुतळी लांबट ओढली आणि पुन्हा भरल्या. कमी बसल्या. आणखी लांबट केली, आणखी कमी. पोरं टेबलावर वाकलेली. "दोरी तीच," मी म्हटलं, "पण आतली जागा तीच नाही! कडेची लांबी वेगळी आणि आतली जागा वेगळी!" मला असा आनंद झाला की नाचावंसं वाटलं. मला जे कुणी शिकवलं नव्हतं ते माझ्या वर्गात, माझ्या टेबलावर सापडलं होतं. चंद्रीनं फळ्यावरच्या दोन आकड्यांकडं बघितलं, आमच्या छत्तीसकडं आणि तिच्या सत्तावीसकडं, आणि पोतं काखोटीला मारून घरी गेली. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, ती दोरी आबांची होती.

दिवेलागणीच्या आत गयाबाई दारात. मागं रस्त्याकडच्या ओळीतली आणखी माणसं. आबा नुकतेच खडीवरून आले होते, पाय धूत होते. गयाबाई आबांना दादा म्हणायची, आवाज चढवायची नाही. त्या दिवशीही चढवला नाही, तेच वाईट होतं. "दादा, येकच दोरी म्हनला व्हता तुमी. इतभर कमी न्हाई म्हनला व्हता. तुमच्या पोरीनंच शाळंत दावलं. तुमच्यात छत्तीस पोती बसत्यात, माज्यात सत्तावीस. आमाला आगगाडी बांधू दिली अन् तुमी बरं चौकोनी घेतलं. ठावं व्हतं का तुमाला?" आबांना काही समजेना. ते पुन्हा पुन्हा म्हणायला लागले, "अगं, दोरी येकच व्हती, तुज्या म्होरंच टाकली." मागून कुणी तरी म्हणालं, "म्हनून तर शेवटी घेतली. हुशार मानूस!" आबांनी त्याच्याकडं बघितलं. मी माझ्या बापाला उन्हात, कष्टात, उपाशी, सगळं बघितलं होतं. असं चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं कधी बघितलं नव्हतं.

माणसं गेल्यावर आबा कुडाला टेकून बसले. मायनं ताट वाढलं, त्यांनी हात लावला नाही. मग मला म्हणाले, "सुमे, उद्या सांग समद्यांला. पोरांची मोजनी चुकली म्हन." मी ताट त्यांच्याकडं सरकवलं. "ल्हान पोरं हायेत, चुकत्यात. तू बाई हायेस, तुजं आयकतील." मी म्हटलं, "आबा, पोरं चुकली नाहीत." "मग म्या चोर हाय?" "नाही हो आबा!" "मग येकच दोरी टाकून कमी-जास्त कसं व्हतंय, मला सांग की!" मी सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. माय तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "लई शिकवलंस पोरान्ला. बापाला वस्तीत तोंड दावायला जागा ठिवली न्हाईस. उद्या टँकरपशी कोन ऐकंल त्येंचं?" मला रडू फुटलं. सांगितलं असतं तर एका शब्दात सगळं मिटलं असतं. आबांची इभ्रत राहिली असती. पण चंद्री माझ्या तोंडाकडं बघत बसली असती, आणि तीनदा मोजलेलं पुसून टाक, असं तिला मी कसं सांगणार? मी आबांना म्हटलं, "मी खोटं नाही सांगणार. तुम्हीच वर्गात येऊन बघा." बापाला असं उलट बोलणारी मुलगी आमच्या घराण्यात नव्हती. आबा उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा ते गेले नाहीत. पाण्यावरून झोंबाझोंबी झाली, एकीचा हंडा फुटला, आणि तो गलका शेडपर्यंत ऐकू येत होता. मी फळ्याकडं तोंड करून उगीच काही तरी लिहीत होते. मागं कुजबुज झाली म्हणून वळले, तर दारात आबा. पायातल्या वहाणा बाहेर काढलेल्या, पटका हातात. पोरांमध्ये वाट काढत शेवटच्या ओळीत एका पोत्यावर येऊन बसले, मांडी घालून, पोरांसारखेच. आणि म्हणाले, "बाई, मला बी शिकवा."

एक-दोघं फिदीफिदी हसली. चंद्रीनं हसणाऱ्यांकडं असं बघितलं की त्यांची तोंडं मिटली.  मी सुतळी आणि काडेपेट्या आबांच्या पुढ्यात नेऊन ठेवल्या आणि शिकवलं. सुमी म्हणून नाही, बाई म्हणून. म्हटलं, "आधी चौकोनी मांडा. आता भरा. फट ठेवायची नाही." खडी फोडून घट्टे पडलेली ती बोटं काडेपेट्या एकाशेजारी एक बसवत होती, पेटी वाकडी बसली की पुन्हा सरळ करत होती. मग मी म्हटलं, "आता लांबट करा." त्यांनी केली, भरली, मोजली. पुन्हा केली, पुन्हा मोजली. कुणाच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, माझ्याही नाही. मग मी सांगितलं नव्हतं असं त्यांनी केलं. सुतळीच्या वेढ्याची दोन टोकं दोन हातांत धरून ते ओढतच गेले, दोन्ही पदर एकमेकांना चिकटेपर्यंत. एक काडेपेटी घेऊन मध्ये घालायला बघितली. बसेना. पेटीतली काडी काढून बघितली. तीही बसेना. "दोरी तेवडीच हाय," ते स्वतःशीच म्हणाले, "अन् आत काडी ठिवायला जागा न्हाई."  आबांनी सुतळी गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली आणि चंद्रीला म्हणाले, "पोरी, तुजी मोजनी बरुबर हाय. मायला सांग, आबाची दोरी चुकली."

असं सगळ्यांसमोर सांगणं त्यांना किती जड गेलं असेल, हे मला तेव्हा अर्धंच कळलं. पुढं मी शाळेत किती मोठमोठी माणसं बघितली, फळ्यावरची साधी बेरीज चुकली तरी पोरांवर खेकसणारी. मीही त्यातलीच आहे कधी कधी, तापट स्वभाव माझा. पण चुकलं म्हणायची वेळ आली की मला आबांची ती पोत्यावर घातलेली मांडी दिसते, आणि मी म्हणून टाकते.

शाळा सुटून घरी आले तर मधला कूड उपटलेला. गयाबाईच्या आणि आमच्या घरामधला. आबा पहारीनं नवे खड्डे पाडत होते, आमच्या बाजूला एक पोतं आत. गयाबाई तिच्या अंगणात उभी, डोळ्याला पदर. "दादा, ऱ्हाऊ द्या वो. म्या असं मागाया आले नव्हते. नुसतं इचारलं." "इचारलंस ते बरं केलंस," आबा म्हणाले, "धर, ही तुराटी धर." ओळीतली बाकीची माणसंही आली, कालचा तो "हुशार मानूस" म्हणणारासुद्धा, आणि आपापल्यात सुरू झालं, कुणाचं कुणीकडं सरकवायचं. ते पुढं कित्येक महिने चाललं, भांडणासकट. सगळ्यांचं काही सारखं झालं नाही. आता तिथं सिमेंटची घरं आहेत आणि मधली गल्ली अशी वेडीवाकडी की नवखा माणूस म्हणतो, ही कुणी आखली? माय मात्र बाहेर आली नव्हती. चूल आत ओढून तिनं नवी लिंपायला घेतली होती, जातं कोपऱ्यात कोंबलं होतं. जे घर मागून घेतलं होतं ते तिचं होतं, आणि कमी होत होतं तेही तिचंच. मला तिच्याकडं बघवेना.

कूड उभा राहिला. आबांनी पहार टेकवली आणि सगळ्यांच्या देखत मला हाक मारली, "बाई, तपासा." मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण चेहरा तसा नव्हता. मग मी पदर खोचला आणि तपासलं, काय करणार! गयाबाईकडं एक अख्खी ओळ, नवी सहा पोती गेली होती. आमच्याकडं तीस उरली, तिची तेहतीस झाली. मी मनात हिशेब केला आणि खालच्या आवाजात म्हटलं, "आबा, दीड पोतं जास्त गेलं. साडेचारच द्यायची होती, म्हणजे दोघांचं सारखं झालं असतं."

आबांनी कुडाला हात लावून बघितला, हलतो का म्हणून. मग म्हणाले, "सारखं तर म्या मागच्या बारीला बी केलं व्हतं, बाई. ह्या बारीला जरा जास्तच जाऊ द्या."

मी काखेत पोतं धरून तशीच उभी राहिले. कुडाच्या आतून मायचा आवाज आला, कालपासूनचा माझ्याशी पहिलाच, "अवो बाई, झालं असंल तपासून तर आत या. भाकरी गार व्हायली."